रंध्याची लाज

बारावीचे निकाल लागताच पालकांची जी पत्रे येऊ लागतात, त्यांत यंदा एका विचारणेची भर पडली आहे : कॉम्प्युटर इंजिनिअरिंग हुकले, पण मुलाचा हात चित्रकलेत बरा आहे, सबब त्याला इंटिरिअरचा सहा महिन्यांचा कोर्स लावावा काय? लावू नये. दुसऱ्याने घडविलेले सोफे संगणकाच्या पडद्यावर इकडून तिकडे सरकविण्याचे कसब कोणासही साध्य होते, आणि म्हणूनच त्याचा मोबदलाही बेताचाच मिळतो.

वैद्यक, वाणिज्य, कायदा यांविषयी पुष्कळ छापून येते. मला सांगावयाचे आहे ते फर्निचर डिझाइनविषयी. चंदीगडच्या उभारणीत वास्तुकार ल कॉर्ब्युझिए यांचे सहकारी पिएर जानरे यांनी कचेऱ्या, न्यायालये व वसतिगृहे यांसाठी सागवान आणि वेत यांच्या ज्या खुर्च्या सिद्ध केल्या, त्या स्थानिक सुतारांस सहज करता याव्यात आणि उन्हाळ्यात वेताच्या विणीतून हवा खेळावी, असा त्यांत विचार होता. पुढे सरकारी खात्यांनी त्यांतल्या कित्येक भंगारात काढल्या. आज त्याच खुर्च्या परदेशातील लिलावांत लाखो रुपयांना जातात.

आता पालकांची खरी अडचण पाहू. फर्निचर डिझाइन म्हटले की सुतारकाम आलेच; मग मुलगा रंधा मारायला शिकतो, हे सोयऱ्यांस कसे सांगावे? नेदरलँड्समधील यूट्रेख्टचे श्रोडर-गृह 1924 साली उभारणारा वास्तुकार रीटवेल्ड हा सुताराचा मुलगा, बापाच्याच कारखान्यात तयार झालेला. पोलादी नळीची खुर्ची घडविणारा मार्सेल ब्रॉयर बाउहाउस या जर्मन कलाशाळेच्या सुतारशाळेत शिकला. मुलीला हे झेपेल काय, असे पुसणाऱ्यांनी चंदीगडच्या त्याच कामात वास्तुकार उर्मिला युली चौधरी होत्या, हे ध्यानी घ्यावे. लाज पालकांची असते. तिचा भार मात्र मुलाच्या माथी मारला जातो, हा शुद्ध अन्याय आहे.

अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, म्हणजे एनआयडीत, फर्निचर डिझाइनचे पदवी-शिक्षण मिळते. प्रवेश-परीक्षा कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्यास देता येते. तत्पूर्वी मुलाने सुटीत एखाद्या सुताराकडे उमेदवारी करावी, सांधा का निखळतो ते पाहावे, आणि तरीही ओढ टिकली तरच अर्ज भरावा. सुरुवातीचा पगार सॉफ्टवेअरवाल्याच्या मानाने बहुधा कमीच राहील. ज्यांस एवढ्यावरूनच हा मार्ग त्याज्य वाटतो, त्यांनी अर्ज भरू नये आणि मला पत्रही लिहू नये.