घाटासाठी राखून चाल

बाय, यंदा तू पहिल्यांदा पालखीबरोबर पायी कार्ल्याला निघतेस, म्हणून सांगते. आमच्या म्हाताऱ्यांनी आम्हाला सांगितलं, त्यात आम्ही थोडी भर घातली, तू आणखी घालशील. पण एक गोष्ट मनात धर. उरणपासून कार्ला ऐंशी-नव्वद किलोमीटर, त्यातला बराचसा रस्ता सपाट आणि चढ सगळा शेवटी. आपण खाडीकाठची माणसं, सपाटीवर आपल्याला जोर येतो. तोच जोर नडतो. पलीकडे बोरघाट वाट बघत असतो, त्याच्यासाठी अंगात शिल्लक ठेवून चालायचं. बाकीचं सगळं या एका गोष्टीतून निघतं.

निघण्याआधी

चैत्र शुद्ध सप्तमीला कार्ल्याच्या गडावर देवीची पालखी निघते. त्याआधी पोहोचायचं म्हणजे चालणं ऐन मार्च-एप्रिलच्या उन्हात येतं. महिनाभर आधीपासून रोज थोडं चाल. बाजारात जातेस ते चालणं नव्हे, तासभर न थांबता चालायचं. नवे बूट घालून निघू नकोस, पायाला ओळखीचे झालेलेच घे. मोजे सुती, आणि दोन जोड. एक घामाने भिजला की पिशवीला बाहेरून अडकवून वाळव, दुसरा घाल.

अनवाणी चालायचा नवस असला तर त्याला आधीपासून सवय लागते. आणि मधुमेह असलेल्या माणसाने हा नवस बोलूच नये. त्याच्या पायाला खडा रुतला तरी कळत नाही, आणि जखम महिनोन्‌महिने भरत नाही. देवी एवढी हट्टी नाही.

पहिला दिवस कंटेनरचा

उरण सोडलं की जासई, गव्हाण फाटा करत पळस्प्यापर्यंत बंदराचा रस्ता. १९८९ साली न्हावा-शेव्याचं बंदर सुरू झालं तेव्हापासून हा रस्ता ट्रेलरांचा. आमच्या सासवा इथून बैलगाडीच्या चाकोरीने चालत. तुला तशी मोकळीक नाही.

ट्रेलर वळताना त्याचं तोंड लांबून जातं, पण मागची चाकं आत कापत येतात. म्हणून फाट्यावर, वळणावर त्याच्या आतल्या अंगाला कधी उभी राहू नकोस. ड्रायव्हर उंचावर बसलेला असतो, त्याच्या दाराखालचं माणूस त्याला दिसत नाही. पुढे-मागे झेंडा, अंधारात मागच्या टेम्पोला लाल दिवा आणि कडेच्या माणसांच्या अंगात चमकणारी जाकिटं, एवढं झाल्याशिवाय पालखी हलवू द्यायची नाही. पालखीतून सुटून एकटी चालायची वेळ आली तर समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूने चाल. कानात गाणी लावू नकोस. मागून हॉर्न वाजला की दचकून रस्त्यात येऊ नको, बाहेरच्या बाजूला सरक.

या दिवशी सगळे ताजे असतात. पोरं नाचतात, पळतात, पालखी पुढे दामटतात. तू मधे राहा. पहिल्या दिवशी जो सगळ्यांत पुढे असतो, तो घाटात टेम्पोत बसलेला दिसतो.

दुसरा दिवस खरा

पळस्प्याहून खोपोलीला तीस-बत्तीस किलोमीटर. हा दिवस सांभाळलास की यात्रा सांभाळलीस.

पहाटे तीनला उठायचं, चारच्या आत चालायला लागायचं. होडी काढायची तर आपण भरती-ओहोटी बघतो, अंगातली ताकद बघत नाही. तसंच इथे सूर्य बघायचा. दहा-साडेदहाच्या आत चौक गाठलं की निम्मी वाट मागे पडते. मग चार वाजेपर्यंत हालायचं नाही. कुणी म्हणेल, ढग आलेत, चला. नाही म्हणायचं. किनाऱ्याजवळच्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही, आणि ढगाखालीसुद्धा डोकं फिरतं. १६ एप्रिल २०२३ला खारघरला मोकळ्या मैदानात उन्हात बसलेली माणसं गेली, चौदा जीव. ती तर चालतही नव्हती.

चौकाला सावलीत टेकलीस की समोर इर्शाळगड दिसेल, त्याच्या माथ्याजवळ कातळाला आरपार नेढं आहे. २०२३च्या जुलैत त्याच्याच अंगावरच्या इर्शाळवाडीवर दरड आली. तिथे हात जोड आणि मग पाय वर करून पड. टाचा भिंतीला लावून पाय उंच ठेवलेस की सूज उतरते. दुपारची झोप अर्धा तास पुरे. जास्त झोपलीस तर अंग आखडतं.

पाणी आणि पोट

तहान लागेपर्यंत थांबू नकोस. घोट-घोट पीत राहा, एकदम तांब्याभर नको. नुसतं पाणी पिऊन भागत नाही, घामाबरोबर मीठ जातं. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. हे माप लिहून घे. मीठ जास्त पडलं तर उलटी होते. कोकम, ताक, पेज चालते. रस्त्यात जागोजागी लोक प्रेमाने सरबत देतात, पण बर्फ कुठल्या पाण्याचा ते कुणाला ठाऊक नसतं. हात जोड आणि पुढे हो.

आणि बायकांची एक खोड सांगते. आडोसा मिळणार नाही म्हणून पाणीच कमी प्यायचं. असं करू नको. लघवीची जळजळ लागते आणि उन्हाचा त्रास दुप्पट होतो. मुक्काम ठरवणाऱ्या पुरुषांना आधीच विचार, वाटेत बायकांसाठी सोय कुठे आहे? ते लाजतील, तू लाजू नको.

पहाटे पोटभर खाऊ नये. पेज, नाहीतर तांदळाची अर्धी भाकरी. चालताना गूळ-शेंगदाणे. दुपारी दहीभात. भंडाऱ्यात आग्रह होईल, पण पोट जड झालं की पाय जड होतात. मासळी-मटण दर्शनानंतर, आपल्या पालखीची तशी रीत आहे. उन्हात टिकणारं, हलकं खावं, असं तिच्यामागचं कारणही मला पटतं.

पाय

संध्याकाळी बोटांच्या बेचक्यात आणि टाचेला खोबरेल चोळ. मांड्या घासतात, तिथेही लाव. साडी नेसलीस तर ती घोट्याच्या वर खोच. पायात कुठे गरम वाटायला लागलं की तिथेच थांब आणि पट्टी लाव. फोड आल्यावर लावायची ती पट्टी उशिराची. फोड आलाच तर फोडू नको. सुईदोरा ओवून पाणी काढायची जुनी पद्धत आहे, पण रस्त्याच्या धुळीत पू धरतो. झाकून ठेव, आपोआप बसेल.

कुणी चालता-चालता गप्प झालं, अडखळायला लागलं, विचारलं तर भलतंच बोललं, तर त्याला ‘देवी अंगात आली’ म्हणून ओवाळत बसू नका. अंग तापलेलं असलं की ते ऊन. सावलीत निजव, कपडे सैल कर, मानेला, काखेत, जांघेत ओली फडकी ठेव, वारा घाल आणि १०८ला फोन लाव. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नकोस. श्वासात जातं.

पालखीला खांदा द्यायची इच्छा असली तर आपल्या उंचीची जोडी शोध. एक उंच, एक ठेंगू झाले की भार दोघांवर सारखा पडत नाही. थोड्या-थोड्या वेळाने खांदा बदल. खांदा सोडण्यात कमीपणा नाही.

घाट

तिसऱ्या दिवशी खोपोलीहून वर. डोंगरावरून उतरणारे टाटांच्या वीजघराचे जाड नळ दिसतील. १९१५पासून लोणावळ्याच्या बाजूच्या तळ्यांचं पाणी त्यांतून पाचशे मीटरहून जास्त खाली पडतं आणि वीज होते. ते पाणी जेवढं उतरतं तेवढं तुला चढायचंय. नळांकडे बघून घाबरू नको, फक्त पाऊल लहान कर. श्वास लागला तरी बोलता येईल एवढाच वेग ठेव. बोलता येईनासं झालं की तू जोरात चालतेस.

वाटेत शिंग्रोबाचं देऊळ लागतं. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा धनगर, असं त्याचं सांगतात. गाड्यांतून नाणी पडत असतात, म्हणून वळणावर वाकून काही उचलू नको. द्रुतगती मार्गावर पायी जायला बंदी आहे. घाटात तो आणि आपला रस्ता जवळ येतात, तिथे पोलीस दाखवतील त्याच अंगाने जा. जवळची वाट म्हणून कठडा ओलांडायचा नाही.

लोणावळा आलं की सगळ्यांना वाटतं पोहोचलो. पोहोचलेलो नसतो. कार्ला फाटा, वेहेरगाव, आणि मग शेकडो पायऱ्या. राखून ठेवलेलं इथे खर्चायचं.

वर गेल्यावर

देवळाला लागूनच लेणं आहे, ते घाईत सोडू नको. त्याच्या खांबांवर दान देणाऱ्यांची नावं कोरलीत, त्यांत सोपाऱ्याचं नाव आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही किनाऱ्याची माणसं हा घाट चढून इथे येत होती. त्या दगडाला कुंकू, गुलाल लावू नको, नारळ तिथे फोडू नको.

पायऱ्या उतरताना गुडघे जास्त दुखतात. तिरकी उतर, कठडा धर. आणि शेवटचं, जे पुरुष विसरतात. परतीच्या गाडीचा ड्रायव्हर आपल्याबरोबर रात्री जागलेला नसावा. तो चालला नसला तरी जागतोच, नाचतोच. त्याला आदल्या रात्री जबरदस्तीने झोपव, आणि सामानाच्या टेम्पोत माणसं भरू देऊ नको. घाट चढताना जपलेला जीव उतरतानाही जपायचा असतो. जागा नसली तर एसटीने ये.