चहाची तरतरी : खरें बळ कीं भास ?

रात्रीं पिकास पाणी देण्याची पाळी आली म्हणजे शेतकरी प्रथम चहाची किटली जवळ करितो. पेलाभर चहा पोटांत गेला कीं थोड्याच वेळांत डोळ्यांवरील झांपड उडते व अंगांत बळ आल्यासारखें वाटतें. हें बळ येतें कोठून, ह्याचा विचार आम्ही आज वाचकांपुढें मांडीत आहों.

चहा व कॉफी ह्यांत कॅफीन नांवाचें द्रव्य असतें. जर्मन रसायनशास्त्रज्ञ रुंगे ह्यांनीं इ. स. १८१९ मध्यें तें कॉफीच्या बियांतून वेगळें काढिलें. शुद्ध कॅफीन पांढरें, गंधहीन व चवीस कडू असतें. त्याच्या एका रेणूंत कर्बाचे ८, हायड्रोजनचे १०, नत्राचे ४ व ऑक्सिजनचे २ अणु असतात. ज्या नत्रासाठीं आपण पिकास खत घालतों, तेंच नत्र खर्चून झाड हें द्रव्य बनवितें. पानें खाणाऱ्या किडींस तें बाधतें. अर्थात् झाडाच्या स्वसंरक्षणाचें तें साधन होय.

मनुष्य जागा असेपर्यंत त्याच्या मेंदूंत अ‍ॅडिनोसीन नांवाचें द्रव्य सांचत जातें. तें मेंदूंतील ठराविक जागीं बसलें म्हणजे झोंप व थकवा जाणवूं लागतो. कॅफीनची घडण त्याशीं मिळतीजुळती असल्यामुळें तें त्याच जागा अडवून बसतें. कुलपांत भलतीच किल्ली अडकली म्हणजे खरी किल्ली आंत शिरत नाहीं, तसाच हा प्रकार आहे. थकवा जागच्या जागींच असतो. त्याची वर्दी मात्र मनास पोंचत नाहीं. पराणी टोंचल्यानें बैल चालतो खरा, पण पराणी म्हणजे वैरण नव्हे.

माफक प्रमाणांत कॅफीननें अवधान वाढतें. अति झाल्यास छातींत धडधडतें, हात कांपतात व मन अस्वस्थ होतें. घेतलेल्या कॅफीनपैकीं निम्में शरीरांतून जाण्यास प्रौढ माणसास सुमारें ५ तास लागतात. म्हणून सायंकाळचा चहा रात्रींची झोंप बिघडवितो. गर्भवतीस ह्याहून बराच अधिक वेळ लागतो. युरोपांतील अन्नसुरक्षा संस्थेनें इ. स. २०१५ मध्यें निरोगी प्रौढास दिवसाकांठीं ४०० व गर्भवतीस २०० मिलिग्रॅमची मर्यादा सुचविली. पेलाभर चहांत साधारणतः ३० ते ५० मिलिग्रॅम कॅफीन असतें. रोजची संवय एकाएकीं मोडल्यास डोकें दुखतें. ह्यासाठीं चहा हळूहळू कमी करावा.

चहा वर्ज्य करा, असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु मजुरास भाकरीऐवजीं नुसता चहा देऊन कामास लावणें, किंवा रात्रभर जागून चहाच्या जोरावर मळणीयंत्राशीं उभें राहणें, हें घातक आहे. हात यंत्रांत सांपडण्यास डोळ्याचें एक पातें लवणें पुरें होतें. भुकेस अन्न व थकव्यास झोंप हाच उपाय; चहा ह्या दोहोंची जागा घेऊं शकत नाहीं, एवढें आमच्या शेतकरी बंधूंनीं ध्यानांत ठेवावें.