बिब्ब्याचे शोधन

सातपुड्याच्या रानात वाढणारा बिब्बा आपल्या तिगाव-पांढुर्णा भागास अपरिचित नाही. हिंदीत त्यास भिलावा व संस्कृतात भल्लातक म्हणतात. हा आंबा व काजू यांच्याच कुळातील वृक्ष होय. याच्या तेलाने परीट कपड्यांवर खुणा करीत. त्या धुतल्याने जात नसत. चांगल्या चाललेल्या कार्यात कोणी विघ्न आणले म्हणजे त्याने 'बिब्बा घातला' असे आपण म्हणतो. असे हे दाहक फळ औषध कसे बनते, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

प्रथम फळाची रचना पाहू. देठाकडील नारिंगी, मांसल भाग वाळवून खातात. कवचाच्या आतील बी म्हणजे गोडंबी. ती लाडवांत घालतात. या दोहोंच्या मधल्या काळ्या, कठीण कवचात मात्र दाहक तेल असते. ते अंगास लागल्यास त्वचा लाल होते, खाज सुटते व फोड येतात. यालाच 'बिब्बा उतणे' म्हणतात.

तरीही चरकसंहितेने भल्लातकास रसायन औषधांत स्थान दिले आहे. मात्र आयुर्वेदात त्याचे आधी शोधन करतात. शोधन म्हणजे द्रव्यातील अपायकारक अंश काढणे किंवा सौम्य करणे. पाण्यात बुडणारी पक्व फळे निवडून त्यांची देठे काढतात. मग ती विटेच्या भरड चुऱ्यासह जाड पिशवीत घालून चोळतात. चुरा तेल शोषून घेतो. नंतर फळे गरम पाण्याने धुऊन वाळवितात. काही पद्धतींत तत्पूर्वी ती गोमूत्रात व दुधात भिजवितात. हे काम करणारे हातांस खोबरेल चोळतात.

बचनागाची रीत निराळी. त्याच्या मुळातील ॲकोनिटीन हे विष हृदयाची गती बिघडविते. मुळाचे तुकडे पुरचुंडीत बांधून भांड्यात उकळत्या दुधात लोंबकळत ठेवतात. यास दोलायंत्र म्हणतात. दीर्घकाळ उकळल्याने ॲकोनिटीनचे विघटन होऊन पुष्कळ कमी विषारी द्रव्ये बनतात. कोरियातील परंपरागत वैद्यकातही बचनागाच्या वर्गातील 'बुजा' हे मूळ संस्कार करूनच वापरतात. तेथील 'ओत' वृक्ष तर बिब्ब्याचाच कुलबंधू असून त्याच्या चिकानेही अंगावर फोड उठतात. देश भिन्न, परंतु सावधगिरी एकच!

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. शोधनाने विष कमी होते, ते नाहीसे झालेच असे नव्हे. संस्कार, मात्रा व रोग्याची प्रकृती या तिन्हींचे ज्ञान आवश्यक असते. म्हणूनच औषधे नियम, १९४५ यांच्या विषारी द्रव्यांच्या यादीत भल्लातक व वत्सनाभ (बचनाग) यांचा समावेश आहे. त्यांपासून बनविलेल्या पोटात घ्यावयाच्या औषधांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापावी लागते.

विद्यार्थी मित्रांनो, भेगाळलेल्या टाचेवर अथवा काट्याच्या जखमेवर बिब्बा लावण्याची चाल खेड्यांत आढळते. हा प्रयोग कोणी स्वतः करू नये. गोडंबीसाठी बिब्बे उघड्या हातांनी फोडू नयेत. तेल लागलेच तर तो भाग तत्काळ साबणाने व भरपूर पाण्याने धुवावा, तो हात डोळ्यांस लावू नये व डॉक्टरांकडे जावे. औषध व विष यांमधील अंतर ज्ञानाने राखले जाते. अर्धवट माहितीने ते नाहीसे होते.