हजाराची नोट सुटी करताना

अगं, पोराला वजाबाकी येत नाही म्हणतेस, पण त्याची वही नीट बघ. 5003 मधून 1768 गेले, आणि त्याने उत्तर काढलंय 4765. प्रत्येक घरात त्याने मोठ्या अंकातून लहान अंक काढलाय: 8 मधून 3, 6 मधून 0, 7 मधून 0. वर कोण आणि खाली कोण, याचा त्याने विचारच केलेला नाही. तिसरी-चौथीतली पुष्कळ मुलं नेमकी अशीच चुकतात. तेव्हा ‘लक्ष कुठे आहे तुझं?’ म्हणून ओरडू नकोस. लक्ष देऊनच केलंय त्याने.

वही मिट आणि पैसे काढ. खेळातल्या नोटा नसतील तर कागद कापून कर, पण फक्त 1, 10, 100 आणि 1000 च्या. पाच, वीस, पन्नास, पाचशे नकोत. दहा-दहाचा हिशेब त्यांनी बिघडतो. हजाराची खरी नोट 2016 साली बंद झाली, ती त्यालाच रंगवू दे. मग हजाराच्या पाच नोटा आणि एक-एक रुपयाची तीन नाणी त्याच्यासमोर ठेव आणि म्हण, ‘मला 1768 रुपये दे.’

आठ रुपये द्यायला नाणी पुरत नाहीत. दहाची नोट नाही, शंभराचीही नाही. मग हजाराची एक सुटी करायची, शंभराच्या दहा येतात. त्यातली एक सुटी केली की दहाच्या दहा. त्यातली एक दिली की दहा नाणी. सगळं त्याच्या हाताने होऊ दे, तू मध्ये पडू नकोस. झालं की विचार, ‘आता एकूण किती आहेत?’ बरीच मुलं पहिल्यापासून मोजायला बसतात. बसू दे. हजाराच्या चार, शंभराच्या नऊ, दहाच्या नऊ आणि तेरा नाणी म्हणजेही 5003 च, हे त्याचं त्याला सापडलं पाहिजे. मग शून्याच्या डोक्यावर 9 कुठून आला, हे वहीत वेगळं समजावावं लागत नाही. तुला देऊन त्याच्याजवळ उरतात 3235.

वही घेशील ती चौकटींची घे. 4025 मधून 87 वजा करायचे तर ते 40 च्या खाली मांडणारी मुलं कमी नाहीत. आणि 13 मधून 8 साठी तो अजून बोटं मोजत असेल, तर मोठ्या संख्या आठवडाभर बाजूला ठेव. आठाला दहा व्हायला दोन, वरचे तीन, झाले पाच, हे आधी तोंडावर बसू दे.

घरात आजोबा वेगळं सांगत असतील: ‘हातचा एक खालच्या सहात मिळव, सात झाले, दहातून सात गेले तीन.’ त्यांची रीत चूक नाही. वर दहा एकक वाढवले म्हणून खाली एक दशक वाढवायचं, फरक तोच राहतो. पण शाळेत वरचा अंक सुटा करायला शिकवत असतील, तर पोरगा दोन्ही मिसळतो. वरचा कमी करतो आणि खालचाही वाढवतो. आजोबांना म्हणावं, दिवाळीपर्यंत थांबा, मग तुमची रीत शिकवा.

उदाहरण सोडवण्याआधी अंदाज विचारायची सवय मात्र आजपासून लाव. पाच हजारांतून अठराशे गेले तर? बत्तीसशे. मग 4765 त्याच्याच डोळ्याला खुपेल. पडताळ्याला दुकानदारासारखं वर मोजायला सांग: 1768 चे 1770 व्हायला 2, 1800 व्हायला 30, दोन हजार व्हायला 200, पुढे 3000 आणि वरचे 3. हात बसला की आणखी एक दाखव. दोन्ही संख्यांतून 4 कमी कर, म्हणजे 4999 मधून 1764. सुटं करायचं कामच उरत नाही! हे पहिल्यांदा पाहताना मुलांचे डोळे चमकतात.

आणि तोंडी उदाहरण घालत असशील तर त्याने संख्या काय लिहिली ते आधी बघ. ‘एकोणसत्तर’ ऐकून 79 लिहिणारं मूल वजाबाकी बिनचूक करतं आणि तरी उत्तर चुकतं.