जुन्या गाडीचा काळा धूर : ‘रिच’ मिक्श्चर कसे ओळखावे



गुऱ्हाळाच्या चुलवणात चिपाड जास्त कोंबले आणि वारा कमी पडला, की धुराड्यातून काळे लोट निघतात. काहिलीला आच लागत नाही ती नाहीच, वर चिपाड वाया. गाडीच्या इंजिनाचेही असेच आहे. पेट्रोल नीट जळायला वजनाने त्याच्या सुमारे पंधरापट (हिशेबाने १४.७) हवा लागते. हवा कमी आणि पेट्रोल जास्त झाले, की मिस्त्री म्हणतात, ‘मिक्श्चर रिच झालंय.’ नाव श्रीमंतीचे, पण खिसा रिकामा करणारे.

आमची १९८४ सालची प्रीमिअर पद्मिनी दोन पावसाळे रत्नागिरीत आत्याच्या दारात उभी होती. मांडवीचा खारा वारा रात्रंदिवस अंगावर. आत्याला घेऊन घाटावर यायचे ठरले, तेव्हा गाडी काळा धूर सोडत होती. तिथल्या एका गॅरेजात चारही प्लग बदलले, कार्ब्युरेटरचा स्क्रू थोडा पिळला, आणि ‘जावा बिनघोर’ म्हणून सांगितले. आम्हीही निघालो. हातखंबा, पाली, साखरपा. पाऊस होता म्हणून काचा बंद. आंबा घाट चढताना मागे बसलेली आत्या म्हणाली, ‘डोकं जड झालंय रे, पोटात ढवळतंय.’ घाट लागला असेल म्हणून आम्ही आल्याची वडी दिली. माथ्यावर थांबलो तेव्हा तिला दार उघडून उतरताही येईना. मोकळ्या हवेत अर्धा तास बसवल्यावर ती बोलू लागली. मग वाकून बघितले, तर सायलेन्सरचा पाइप गंजून फुटलेला आणि डिकीच्या तळाला बोटभर भोक. रिच मिक्श्चरमध्ये पेट्रोल अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड वायू खूप तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तात तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्टपणे चिकटतो. काचा बंद ठेवून आम्हीच तो तिला पाजत होतो. उरलेला रस्ता चारही काचा खाली करून, भिजत आलो. घरी आल्यावर आधी पाइप आणि पत्रा वेल्डिंग करून घेतला, आणि मग धुराच्या मुळाशी गेलो.

पहिली गोष्ट, धूर कोणता ते बघा. निळसर असेल तर ऑइल जळते आहे. इंजिन तापल्यावरही पांढरा लोट राहिला तर पाणी आत जाते आहे. काळा म्हणजे पेट्रोल जास्त. मग चारही प्लग काढून ओळीने मांडा. चारहींवर कोरडी, मऊ काजळी असेल तर दोष मिक्श्चरचा. एकच काळा असेल तर कार्ब्युरेटरला हात लावू नका. त्या एका सिलिंडरची वायर नाहीतर प्लग बघा, कारण ठिणगी कमजोर असली तरी काजळी धरते. काजळीऐवजी तेलकट ओल असेल तर रिंगा गेल्या.

आणखी एक खूण. रिच गाडी सकाळी गार असताना चोक न ओढताच चटकन सुरू होते, आणि गरम झाल्यावर बंद केली की पुन्हा सुरू व्हायला रडते. आणि ऑइलची पट्टी काढून वास घ्यायला विसरू नका. पेट्रोलचा वास आला, पातळी वाढलेली दिसली, तर पेट्रोल ऑइलमध्ये उतरते आहे. पातळ ऑइलवर गाडी हाकली तर बेअरिंगचा खर्च बसतो.

घाटातच का जाणवले, असा प्रश्न आम्हालाही पडला होता. रत्नागिरी समुद्राकाठी, तर आंब्याचा माथा ६०० मीटरच्या आसपास. तिथे हवा पाच-सहा टक्के विरळ. कार्ब्युरेटर पेट्रोल त्या मानाने कमी करत नाही. म्हणजे खाली जे थोडे रिच, ते वर आणखी रिच. त्यात चढणीचा भार.

आता कारण शोधायचे. स्वस्तातले आधी. एअर फिल्टर काढून इंजिन चालू करा. धूर गेला तर फिल्टर तुंबला आहे. आमचा जांभ्याच्या लाल धुळीने आणि दमट हवेने पापडासारखा झाला होता. नवा घातला. धूर थोडा कमी झाला, गेला नाही.

मग चोक. पुष्कळ जण कार्ब्युरेटरच्या तोंडात डोकावून ‘पडदा उघडा आहे’ म्हणतात आणि सोडून देतात. पण सोलेक्स कार्ब्युरेटरच्या काही प्रकारांत तोंडात पडदाच नसतो. बाजूला एक फिरती चकती असते, ती तोंडातून दिसत नाही. म्हणून एकाला आत बसवून खुंटी आत-बाहेर करायला लावा आणि तुम्ही बाहेरचा लिव्हर बघा. आमची खुंटी पूर्ण आत जात होती, लिव्हर मात्र निम्म्यावरच थांबत होता. केबलची तार खाऱ्या हवेने गंजून आत धरली होती. दोन महिने गाडी अर्ध्या चोकवर चालली, आणि आम्ही प्लगना शिव्या देत होतो.

केबल बदलली. आता चढाला धूर नाही, पण सिग्नलला उभे राहिले की पेट्रोलचा वास. तेव्हा फ्लोट आणि नीडल व्हॉल्व्ह. इंजिन बंद करून, गार झाल्यावर, पंपाची हातदांडी मारा आणि टॉर्च लावून तोंडात बघा. (टॉर्चच. काडी ओढून बघणारे आम्ही पाहिले आहेत.) पेट्रोल ठिबकले तर नीडल बसत नाही, किंवा फ्लोट जड झाला आहे. पितळी फ्लोट कानाशी हलवा. आत पेट्रोल खळखळले तर त्याला भोक आहे. गरम पाण्यात बुडवले की बुडबुडे भोकाची जागा दाखवतात. डाग देऊ नका. आतल्या पेट्रोलच्या वाफेने भडका उडू शकतो, आणि डागाच्या वजनाने फ्लोट खाली बसून पेट्रोलची पातळी वाढते. नवाच घ्यावा.

आमच्या फ्लोटला काही नव्हते. नीडलखाली टाकीतला तपकिरी गाळ अडकला होता. इथे आपल्याच इथेनॉलचा विषय येतो. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने मिक्श्चर रिच होते असे काही मिस्त्री सांगतात, ते बरोबर नाही. इथेनॉलला जळायला नऊपटच हवा लागते. त्याच जेटवर गाडी उलट थोडी ‘लीन’ होते. पण इथेनॉल जुन्या टाकीचा साठलेला थर सोडवते, दमट हवेतले पाणी ओढते आणि जुन्या जातीचे रबर फुगवते. तो गाळ नीडलखाली आला की ओव्हरफ्लो. कारखान्याच्या इथेनॉलवर आपला ऊस चालतो म्हणून हे लपवण्यात अर्थ नाही. टाकी धुऊन घ्या, रबरी नळ्या नव्या घाला, पंपाआधी फिल्टर बसवा.

जेटला सगळ्यात शेवटी हात लावा, आणि तार तर घालूच नका. जेटवरचा आकडा बहुधा भोकाचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो. ११५ म्हणजे १.१५ मिलिमीटर. तारेने घासून ते १.२५ झाले तर भोकाचे क्षेत्रफळ १८ टक्क्यांनी वाढते. फुंकर मारावी, हवेच्या पाइपने साफ करावे, तेवढे पुरे. हवेचा स्क्रू इंजिन गरम करूनच लावा, आणि तेही शेडचे दार सताड उघडून.

आम्ही शेवटी पंधरा किलोमीटर सलग गाडी चालवून, झटकन बंद करून प्लग काढले. चारही बिस्किटी रंगाचे. आत्या परतीला त्याच गाडीने गेली. मात्र मलकापूर सोडेपर्यंत तिने काच वर करू दिली नाही.