शीड घेताना कापूसवाल्याचा हात

यवतमाळ, पुसद, वणीहून परदेशी गेलेल्या घरांना उन्हाळा आला की तळ्यावरच्या छोट्या शिडाच्या होड्या खुणावू लागतात. गावाकडे इसापूर धरणावर डोंगा पाहिलेला असतो, शीड नाही. मग कुणाची तरी जुनी होडी स्वस्तात मिळते, कोऱ्या शिडाची किंमत ऐकून मात्र हात आखडतो. ब्रिटन-अमेरिकेत रुळलेली मराठी कुटुंबं अशा नवागतांना सांगतात, पहिलं शीड जुनंच घ्यावं.

शर्यतीत उतरणारे लोक शीड फाटायची वाट बघत नाहीत. आकार जरा ढिला पडला की ते बदलतात, आणि तेच शीड फिरायला जाणाऱ्याला पुढं कित्येक वर्षं पुरतं. लेझर ही ब्रूस कर्बी यांनी १९७०च्या सुमारास आखलेली एकट्यानं चालवायची होडी. तिचं मोठं शीड ७.०६ चौरस मीटरचं. अशा दोन लाखांहून अधिक होड्या बनल्या, त्यामुळं जुन्या शिडांना तोटा नाही. तिची सरावाची शिडंही मिळतात. शर्यतीत ती चालत नाहीत, पण अधिकृत शिडापेक्षा बरीच स्वस्त पडतात.

मुलांच्या ऑप्टिमिस्ट होडीचं शीड ३.३ चौरस मीटरचं. तिच्या शर्यतींना वयाची अट पंधराची, म्हणून मुलं मोठी झाली की घराघरांत ही शिडं पडून राहतात. कनू, म्हणजे वल्ह्याची अरुंद होडी, असलेल्यांनी तीच गाठावीत. उघड्या कनूला तीन-चार चौरस मीटर पुष्कळ झालं. बाजूला लीबोर्डची फळी मात्र लावावीच लागते, नाहीतर कनू वाऱ्याबरोबर आडवी वाहत जाते.

शोधाची जागा म्हणजे जवळचा सेलिंग क्लब, आणि वेळ ऑक्टोबरची, होड्या काठावर चढतात तेव्हाची. वसंतात सगळेच शीड शोधत असतात. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचं, उत्तर अमेरिकेतलं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१चं. तिथं चौकशी केली तर एखादं क्लबात जाणारं घर भेटू शकतं, आणि ओळखीनं पुढची वाट सोपी होते.

कापूस चिमटीत धरून जोखायची सवय असलेल्या यवतमाळकराला खरा फायदा होतो तो शीड हातात आल्यावर. १८५१ साली 'अमेरिका' नावाच्या नौकेनं इंग्लंडच्या नौकांना हरवलं तेव्हा तिची शिडं कापसाच्या कापडाची होती, इंग्रजांची जवसाच्या धाग्याची. कापसाचं ते राज्य १९५०च्या दशकात पॉलिस्टरनं संपवलं. तरी कापड जोखायची रीत चिमटीचीच. कोपरा चुरगाळून बघावा: करकर वाजला तर आतली राळ शाबूत आहे, फडक्यासारखा मऊ लागला तर ते शीड आकार धरणार नाही. मग शिवण नखानं खरवडावी. ऊन आधी दोरा खातं, मग कापड. दोरा तुटत असला आणि कापड चांगलं असलं तर सौदा सोडू नये; भाव पाडून घ्यावा आणि शिवण नव्यानं घालावी. शेवटी उजेडात धरून बारीक भोकं पाहावीत.

मापं आधीच विचारावीत. डोलकाठीकडची कड म्हणजे लफ, मागची लीच, खालची फूट. लेझरचं शीड मोज्यासारखं डोलकाठीवर चढतं. बऱ्याच दुसऱ्या होड्यांत ते डोलकाठीच्या खाचेत सरकवतात. ही दोन्ही एकमेकांच्या जागी बसत नाहीत, आणि नवागतांचे पैसे बहुतेक इथंच वाया जातात.

त्याहूनही कमी खर्चात भागवायचं तर ताडपत्री आहेच. बाजार समितीच्या यार्डात कापसाच्या गाड्यांवर घालतात तसल्या प्लॅस्टिकच्या ताडपत्रीतून कनूचं चौकोनी लग शीड घरी कापता येतं. वरची कड सरळ न कापता किंचित बाहेर फुगीर ठेवावी. ती सरळ काठीला बांधली की शिडाला पोट येतं. कडा दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पट्टीनं दुमडाव्यात, कोपऱ्यांत जाड तुकडे लावून रिंगा ठोकाव्यात. असं शीड एक-दोन हंगाम टिकतं. तेवढ्या काळात आपल्याला किती मोठं शीड झेपतं ते कळतं.

विकत घेतलेलं शीड वॉशिंग मशीनमध्ये कधीच घालू नये, राळ निघून जाते. गोड्या पाण्यानं धुवावं, सावलीत वाळवावं, घडी न घालता गुंडाळावं.

वाचलेले पैसे लाइफ जॅकेट आणि वेटसूटवर घालावेत. मे महिन्यातही तिकडच्या तळ्याचं पाणी श्वास अडकेल इतकं थंड असतं. उलटलेली होडी सरळ कशी करायची हे क्लबात पहिल्या काही धड्यांतच शिकवतात. शीड चढवण्याआधी तो धडा गिरवून घ्यावा.