टाहळ तोडला तर चोरी?

प्रश्न : एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातल्या शेतमजुराला सशासाठी, मूठभर दाण्यांसाठीही शिक्षा होई, असं वाचलं. आपल्या रत्नागिरीकडे गरिबांच्या अशा भुरट्या चोऱ्यांचं काय होत असे?
— एक वाचक, लांजा

उत्तर : वाचलंत ते खरं आहे. कापणीनंतर शेतात पडलेला सरवा वेचण्याचा गरिबाला कायदेशीर हक्क नाही, असा निकाल तिथे 1788 मध्येच लागला होता. 1816 च्या कायद्याने तर रात्री जाळं घेऊन सशांमागे फिरणाऱ्याला सात वर्षं काळ्या पाण्यावर धाडता येई.

आपल्याकडे 1 जानेवारी 1862 पासून दंड संहिता आली. तिच्या 378 व्या कलमात चोरीचं पहिलंच उदाहरण झाडाचं होतं. दुसऱ्याच्या जागेतलं झाड लबाडीने तोडलं, की ते जमिनीपासून सुटताक्षणी चोरी पुरी होई. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. नोकराने धन्याचा माल उचलला तर सात. 1864 पासून चोरीला फटकेही देता येऊ लागले.

आता कोकणात भाताचं रोप काढायचं म्हणजे आधी राब, म्हणजे रोपाची जागा, भाजायला हवा. त्याला टाहळ (झाडाच्या तोडलेल्या डहाळ्या), पातेरा (पालापाचोळा), शेण लागतं. टाहळ कुणाच्या झाडाचा, इथेच खरी ठिणगी. ठाण्याकडे हे भांडण सरकारशी होतं. 1878 च्या वन कायद्यानंतर ते इतकं पेटलं, की 1885 मध्ये चौकशी आयोग नेमावा लागला. रत्नागिरीत सरकारी जंगल मुळात थोडं. इथे कुळाच्या समोर उभा असे तो खोत, गावचा सारा वसूल करणारा वतनदार.

झाडाचं सोडा, पिकाचंही तेच. खोत उभ्या पिकाची अभावणी, म्हणजे अंदाज, करी; त्यावरून त्याचा अर्धेल-तिर्धेल (निम्मा किंवा तिसरा) वाटा ठरे. त्याआधी कुळाने स्वतःच पेरलेल्या भाताच्या चार पेंढ्या घरी नेल्या, तर खोताच्या लेखी तो चोरच. मला मात्र त्याला चोर म्हणवत नाही.

याच खोताकडे कुळं वेठीला राबत. बेकायदा सक्तीने राबवून घेणं हाही त्याच संहितेत गुन्हा होता, कलम 374. शिक्षा? जास्तीत जास्त एक वर्ष. दुसऱ्याचं झाड नेलं तर तीन, दुसऱ्याचे दिवस नेले तर एक!

डॉ. आंबेडकरांनी 1937 मध्ये खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. खोती प्रत्यक्षात गेली ती स्वातंत्र्यानंतर, 1949 च्या कायद्याने.